धार

मंगळवारी कँटीनची टेबलं भिंतीला लावून
टाय लावलेल्या सरांनी आम्हाला सांगितलं :
रोज एक टक्का सुधारा,
वर्षात माणूस सदतीस पट होतो. गणितच आहे ते.
मी तीन वर्षं ट्रेनी आहे इथे, भोसरीत,
पगार साडेअकरा हजार.
साडेअकरा गुणिले सदतीस, बेबीनंदा मागून पुटपुटली
आणि हसू पहिल्या रांगेपर्यंत गेलं.
जाताना प्रत्येकाला एक पेन मिळाला. त्यावर छापलेलं : घडा.
भरलेला की रिकामा, ते नव्हतं लिहिलं.

मला जे शिकायचं होतं ते सरांकडे नव्हतं.
तांबोळी काका टूलला धार लावायचे.
ग्राइंडरशी उभे राहिले
की त्यांच्या पाठीचं दार व्हायचं.
ठिणग्या तेवढ्या दिसायच्या, हात नाही.
तेहेतीस वर्षं ते हात कुणी पाहिले नव्हते.
म्हातारा चिकट आहे, लोक म्हणायचे.
मीही म्हणायचे.

एकदा दुसऱ्या पाळीनंतर, दिघीच्या बसची वाट बघत,
त्यांनी मोबाइल पुढे केला :
पोरी, हे पीएफचं काय ते बघ गं जरा.
पानटपरीच्या उजेडात आम्ही बघितलं.
चौदा महिने कापलेले. भरलेला एकही नाही.
बस आली, गेली.
मग म्हणाले, माझ्या उस्तादानं मला शिकवलं
आणि महिन्याभरात त्याच्या जागी मी,
निम्म्या पगारावर.
त्याला नारळ दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी पाठ वीतभर सरकली.
बघू नको, म्हणाले, ऐक.
खरखर म्हणजे घाई. सुळसुळ आली की हात हलका सोड.
निळी पडली की मेली, त्याआधी पाण्यात घाल.
सात अंशांचा कोन अंगठ्याच्या नखाला कळतो.
माझ्या नखाला कळेना.
चार टूल जाळले, पोळीच्या फडक्यात गुंडाळून डब्यात लपवले.
पाचवा कापू लागला तेव्हा लोखंडाची लांब कुरळी साल
न तुटता खाली उतरत गेली, आणि मी
मशीन बंद करायची विसरले.

मग बेबीनंदा शिकली. मग सुदाम.
ओडिशाच्या रंजनला सुळसुळ कळेना,
त्यानं तोंडानं वेगळाच आवाज काढला
आणि काका म्हणाले, हाच, हाच बरोबर आहे.
रविवारी त्यांच्या गच्चीवर सतरंजीवर पगाराच्या स्लिपा,
वर वाऱ्यासाठी ठेवलेले नट-बोल्ट.
कोण कुणाला शिकवतंय, समजायचं नाही.
अकरा जण झालो.

साहेब म्हणाले, छान, टीम स्किल्ड झाली.
आणि शुक्रवारी काकांना नारळ दिला.
खरोखरचा. शेंडीसकट. वर गुलाबी रिबन.
त्या रात्री खोलीतल्या पाच कॉटवर पाच जणी,
चौघी झोपल्या.
मी शिकले नसते तर, एवढंच
खर्रर खर्रर डोक्यात.

सोमवारी ग्राइंडर फिरला नाही.
सुदाम म्हणाला, येत नाही साहेब.
रंजननं नुसती मान हलवली.
बेबीनंदा, जी रात्रपाळी करून एकटी दिघीपर्यंत चालत जाते,
ती म्हणाली, बाईमाणूस मी, ठिणग्यांना भिते.
माझ्या अंगठ्यावर ताजा भाजलेला डाग होता.
मूठ मिटली. म्हटलं, नाही येत.
कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं.
बारापर्यंत आठ मशीन बोथट.
इतकं मन लावून आम्ही काही शिकलो नव्हतो
जितकं त्या दिवशी विसरलो.

काका बुधवारी आले. नारळ घेऊनच आले,
डब्यात त्याची चटणी.

पीएफचा अर्ज त्या पेनानंच लिहिला.
शाई नवव्या सहीला संपली.
उरलेल्या तीन
बेबीनंदाच्या काजळाच्या पेन्सिलीनं.